रोहेकरणीचा वाटा

माझ्या आईने मला फसवलं. पेणच्या रजिस्ट्रार कचेरीत, भर दुपारी, चार माणसांसमोर तिने जमिनीतला आपला वाटा सावत्र मुलाला आणि सावत्र मुलीला लिहून दिला. तिच्या पोटचा मुलगा मी, त्याच खोलीत उभा होतो. चोरून केलं असतं तर मी एखादवेळी सोडून दिलं असतं. चोरी करणाऱ्याला निदान लाज असते. तिला अभिमान होता.

मी धंद्याने भंगारवाला. रोह्याला कंपन्यांचे रिकामे ड्रम घेतो, धुतो, विकतो. तीस वर्षांत मला फसवायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. गेटवरचे स्टोअरकीपर, टेम्पोवाले, मुंबईचे व्यापारी, एक सख्खा मेहुणा. मी तोंडाचा वाईट आहे, डोक्याचा गरम आहे, आणि काट्यावर माल चढल्याशिवाय भाव सांगत नाही. त्यामुळे कोणाला जमलं नाही. जमलं ते एकीलाच, आणि तिला काट्यावरचे आकडेसुद्धा वाचता येत नव्हते.

पेणजवळच्या आमच्या गागोद्यात तिला कोणी नावाने हाक मारली नाही. रोह्याकडून आली म्हणून ती रोहेकरीण, आणि मी रोहेकरणीचा. माझे वडील रोह्यात हमाली करायचे. मी पाच वर्षांचा असताना ते तापाने गेले. चुलत्यांनी थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग गागोद्याच्या वामनआबांशी तिचा पाट लावून दिला. आबांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. मागे दिलीप, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि शालू, अजून रांगतही नव्हती. आबांना मुलं सांभाळायला बाई हवी होती, हिला डोक्यावर छप्पर हवं होतं. व्यवहार सरळ होता. फक्त तिच्या बाजूने एक नग जास्तीचा आला होता.

आल्या आल्या तिने मला मागच्या पडवीत नेऊन बसवलं आणि सांगितलं, "त्या पोरीला आई नाय. तुला हाय. आता ती मला आई म्हननार. तू बाय म्हन."

"का?"

"तू आई म्हनलास तर तिला कळंल, तुझी येगळी आन तिची येगळी."

शालू तेव्हा पाळण्यात होती. तिला काय कळणार होतं? पण मी बाय म्हणायला लागलो. शेजारपाजारच्या बायका तिला बाय म्हणायच्या तसा. पुढे शालू मोठी झाली, लग्न होऊन पनवेलला गेली, तरी तो नियम सुटला नाही. ती दोघं "आई" म्हणायची, मी "बाय". लहानपणी नवखा पाहुणा आला की विचारायचा, "हा कोणाचा?" आणि ती म्हणायची, "हाय असाच. घरचा."

ती अशी का होती, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. तिला फक्त एका गोष्टीची भीती होती. सावत्र आई म्हटली की ती छळणारच, हे गावाने ती यायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं आणि गाव आता वाट बघत बसलं होतं. समोरची पार्वतीकाकी जेवायच्या वेळेला नेमकी विस्तव मागायला यायची. गॅस आल्यावर विरजण मागायला यायला लागली. येऊन चुलीपाशी उभी राहायची आणि डोळे तिन्ही ताटांवरून फिरवायची. आई ते ओळखून होती. म्हणून ती आधीच वाढून ठेवायची आणि ताटं मुद्दाम उंबऱ्याजवळ मांडायची. तव्यावरची पहिली, फुगलेली तांदळाची भाकरी दिलीपला. दुसरी शालूला. शेवटी पीठ संपताना जी वेडीवाकडी, जाड व्हायची ती मला. वालाचं बिरडं केलं की अख्ख्या डाळिंब्या त्यांच्या वाट्याला, मला रस. पार्वतीकाकी बघायची आणि म्हणायची, "रोहेकरीण, पोराला तरी वाढ गो नीट."

त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं. "त्यो आपलाच हाय. आपल्याला काय दाखवायचं?"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या वाक्यावर मी उपाशी राहिलो, मार खाल्ला, दिलीपचे उसवलेले शर्ट घातले. आपल्या माणसाला काही द्यावं लागत नाही, असा तिचा हिशेब. जे द्यायचं ते परक्याला, कारण परका बघत असतो.

एकदा दिलीपने गलोल मारून पार्वतीकाकीचा पाण्याने भरलेला माठ फोडला. मी दहाएक वर्षांचा असेन. आम्ही दोघंही अंगणात होतो, गलोल त्याच्या हातात होती. काकी बोंबलत आली. आईने बाहेर येऊन एकवार दिलीपच्या हाताकडे पाहिलं, मग माझा दंड धरला आणि गुरं हाकायच्या काठीने मला बडवायला सुरुवात केली. चार घरच्या बायका जमेपर्यंत ती थांबली नाही. शेवटी काकीच म्हणाली, "पुरे कर गो, मरंल त्यो. माठच तर व्हता." तेव्हा थांबली. दिलीप भेदरून रडायला लागला होता. आईने आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि त्याला दिला.

संध्याकाळी तिने माझ्या पाठीला खोबरेल लावलं. मी म्हटलं, "बाय, माठ मी नाय फोडला."

"ठावं हाय."

"मग मला का मारलंस?"

"त्याला मारलं असतं तर गावानं काय म्हनलं असतं?" तिचा हात पाठीवर हलकाच फिरत होता. "तुला मारलं तर कोन काय म्हननार हाय?"

आता वामनआबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आबा वाईट माणूस नव्हते. फार बोलत नसत. जमीन त्यांनी स्वतः राबून, थोडी थोडी करून घेतलेली. गावाखाली भाताची खाचरं आणि वरच्या अंगाला एक माळ, निव्वळ दगडांचा. दिलीप अभ्यासात बरा, म्हणून तो पेणच्या शाळेत. मी आबांबरोबर शेतात. भात कापून झालं की आबा आणि मी त्या माळावर जायचो आणि दगड वेचायचो. वेचलेल्या दगडांची कडेने ताल, म्हणजे दगडी बांध, घालायची, खालच्या ओढ्यातली माती पाटीने वर आणून टाकायची. असं तीन-चार हिवाळे केलं आणि एका वर्षी तिथे वाल पेरला. असा वाल आला की लोक बघायला यायचे. आबा तालीवर बसून विडी ओढत माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्यो माळ सुदामचा. ह्यानं केला."

गावाने ते उचललं. तेव्हापासून त्या तुकड्याचं नावच पडलं, सुदामचा माळ. आजही गागोद्यात कोणाला विचारा.

आई तेव्हा न्याहारी घेऊन आली होती. तिने भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "असं बोलू नका. त्याचं काय नाय हितं."

आबा हसले. "अगो, म्हनायला काय जातं?"

"म्हनायलाच जातं," ती म्हणाली.

व्यवहारातलं हे वाक्य तिच्याइतकं नेमकं मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

सतरा वर्षांचा झालो तेव्हा मी रोह्याला कामाला जायचं ठरवलं. दिलीप डीएड करत होता, त्याची फी भरायची म्हणजे घरात एक तोंड कमी झालेलं बरं, हे मला न सांगता कळत होतं. निघायच्या दिवशी मी पिशवी भरून ओट्यावर आलो. समोर पार्वतीकाकी भांडी घासत होती. आईने माझ्या हातातली पिशवी घेतली, ओट्यावर उपडी केली आणि एकेक वस्तू उचलून दाखवली. दोन शर्ट, एक पंचा, दाढीचं सामान जे मला अजून लागतही नव्हतं. आणि फडक्यात बांधलेले पोह्यांचे लाडू. ते शालूने गुपचूप घातले होते, मलाही माहीत नव्हतं.

"बघ गो पार्वते," आई म्हणाली, "घरातलं काय नेत नाय त्यो." आणि लाडवांचं गाठोडं काढून घेऊन आत फळीवर ठेवून आली.

शालू दारात उभी राहून रडत होती. पार्वतीकाकीसुद्धा खाली बघायला लागली. मी पिशवी भरली आणि चालायला लागलो. वेशीपर्यंत तोंडातून शिव्या येत होत्या. कोणाला देत होतो, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

रोह्यात मी काय काय केलं ते इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की हातगाडीपासून सुरुवात केली आणि रोह्याला लागूनच वरसे गावात स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीला आईला आणायला गाडी पाठवली. ती आली. दाराशी, चपलांच्या बाजूला बसली. माझ्या बायकोने, सुरेखाने, पाट मांडला, ताट वाढलं. आईने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून घरून आणलेली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली.

सुरेखा म्हणाली, "आई, असं काय करता? पुरणपोळी केलीय तुमच्यासाठी."

"तुमचं तुमी खा गो. मी खाल्लं तर दिलीपची बायको म्हनंल, म्हातारी तिकडं ताव मारून आली. उद्या हितलं तिकडं आन तिकडलं हितं केलं म्हनतील."

"कोण म्हणतील?"

"म्हनतात," आई म्हणाली, आणि भाकरी मोडली.

सुरेखा त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी म्हटलं, रडू नकोस, हिने तुला आपल्यातच धरलंय. ती म्हणाली, मग परक्यात धरलं असतं तर बरं झालं असतं.

आबा गेले ते आजारी न पडता, झोपेतच. अग्नी दिलीपने दिला, ते बरोबरच होतं. दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. दिलीप हात जोडून म्हणाला, "आबा, आईला मी सांभाळीन." कावळा नाही. "शालूच्या माहेरपणाला कमी करणार नाही." नाही. "घराला कुलूप लागू देणार नाही." नाही. बायका चुळबुळ करायला लागल्या. मग भिकूतात्या, आबांचे दोस्त, काठी टेकत पुढे आले. "सुदामच्या माळाचं बोल रं," ते म्हणाले. "त्याचा जीव तिथं आडकलाय."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं नाही. घसा साफ केला आणि म्हणाला, "आबा, सुदामचा माळ सुदामला."

कावळा आला. भुकेने आला असेल. पण आला, आणि सगळ्यांनी बघितला. भिकूतात्यांनी माझ्या पाठीवर हात मारला. मी कोणाच्या शब्दावर भंगाराचा खिळा घेत नाही, पण तिथे मी गाफील राहिलो. इतक्या माणसांसमोर मेलेल्या बापाला दिलेला शब्द कोण मोडणार, असं मला वाटलं. आमच्याकडे तसा तो कोणी मोडत नाही.

दोन महिन्यांनी कळलं की खालची खाचरं आणि माळ सगळं मिळून दिलीप बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्या एका मुंबईच्या पार्टीला द्यायला निघालाय. दिलीप तोपर्यंत पेणला हायस्कुलात दिलीपसर झाला होता, तिथे त्याने फ्लॅट घेतला होता. मी पेणलाच एक वकील गाठला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं ते असं. सावत्र बापाच्या जमिनीवर सावत्र मुलाचा हक्क नसतो. दगड वेचलेत म्हणून नाही, नाव पडलंय म्हणून नाही, कावळ्यासाठी तर नाहीच. वारस तिघं. बायको, मुलगा, मुलगी. सारखे वाटे.

"म्हणजे मला काहीच नाही."

"थांबा जरा," वकील म्हणाला. "तुमच्या आईचा तिसरा हिस्सा आहे ना. तो त्यांच्या हयातीत त्यांचा. पण त्या गेल्यावर तो दिलीपला नाही जात. तुम्हाला जातो, सगळाच्या सगळा, कारण त्यांच्या पोटचे एकटे तुम्ही. एवढंच बघा की त्या कशावर अंगठा लावत नाहीत."

हा कायदा दिलीपलाही कोणीतरी सांगितलेला असणार. मास्तर आहे तो.

मी तडक गागोद्याला गेलो. आई मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि आयुष्यातला सगळ्यात अवघड सौदा करायला सुरुवात केली.

"बाय, दिलीप तुझ्याकडं कागद आनंल. अंगठा लावू नको."

"लावनार हाय मी."

"तुला ठावं हाय त्यात काय हाय ते?"

"हक्कसोड. त्यानं वाचून दाखवलं मला. पोरगा कायबी लपवत नाय माझ्यापासून."

"आन त्यो माळ? कावळ्याला काय बोलला त्यो?"

"पंधरा मानसं बघत व्हती, बोलावं लागलं त्याला." वाल सोलणारा अंगठा थांबत नव्हता. "माझ्याकडं आला व्हता दुसऱ्या दिवशी. म्हनला, आई, आता द्यावा लागंल सुदामला. मी म्हनलं, नाय द्यायचा. मी तुला मोकळा केला त्या शब्दातून."

म्हणजे तो देणार होता. कुरकुरत का होईना, देणार होता. आणि हिने नको म्हटलं होतं, माझ्या वतीने, मला न विचारता.

मी चिडलो की मोठ्याने ओरडतो, रोह्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ओरडलो नाही. भाव कमी करत गेलो. म्हटलं, माळ नको देऊ. तुझा वाटा मला नको देऊ. कोणालाच नको देऊ. नुसता तुझ्या नावावर ठेव. उतारवयात तुझ्या हातात काहीतरी राहू दे. तू गेल्यावर कायदा काय करायचं ते करील, तुझ्यावर बोल नाही.

"मंग तर गाव म्हनंल," ती म्हणाली, "मरेपरेंत दाबून ठेवलं रोहेकरणीनं. आपल्या पोरासाटी."

"म्हनू दे ना."

तेव्हा तिने मान वर केली. "चाळीस वर्सं मी या घरात हाय. माझ्याकडं कुनी बोट नाय दाखवलं. सावतर पोरांचं खाऊन आपल्या पोराला भरवलं, असं म्हनायची कुनाची छाती नाय झाली. आता मरताना म्हनून घेऊ?"

"आन माझं काय?"

"तुझं काय? तू आपलाच हाय."

ज्याला स्वतःसाठी काहीच नको, त्याच्याशी सौदा होत नाही. तीस वर्षांच्या धंद्यात मला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं.

दस्त व्हायच्या दिवशी मी पेणला गेलो. कशाला गेलो, विचारू नका. तमाशा करायचा विचार होता, शिव्यांची तयारी होती. दिलीप इस्त्रीच्या शर्टात, शालू आणि तिचा नवरा, मुंबईच्या पार्टीचा एजंट, आणि मधल्या बाकावर आई. नऊवारी नवी होती. नंबर आला तेव्हा कळलं की ओळख पटवायला दोन माणसं लागतात आणि दिलीपच्या शाळेतला एक शिपाई आलाच नव्हता. कारकून म्हणाला, दुसरं कोणी असेल तर बोलवा, नाहीतर उद्या या.

उद्या म्हणजे एक दिवस मिळाला. एका दिवसात पुष्कळ करता येतं, मला माहीत आहे. मी दिलीपच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत होतो तेवढ्यात आईने हात केला.

"ह्यो हाय ना," ती म्हणाली. "ह्यो वळखतो मला."

कारकुनाने मला पुढे बोलावलं. माझं आधारकार्ड घेतलं. त्यावर बाप म्हणून माझ्या खऱ्या वडिलांचं नाव, आडनाव वेगळं, पत्ता वरसे. त्याने आईला विचारलं, "आजी, हे कोण तुमचे?"

शालूने मान फिरवली. दिलीप छताकडे बघत होता.

"रोह्याचा हाय," आई म्हणाली. "वळखीचा."

कारकुनाने मशीन पुढे सरकवलं, माझा फोटो काढला, सही कुठे करायची ते दाखवलं. मी एक शब्द बोललो असतो तर तो दस्त त्या दिवशी झाला नसता. मी बोललो नाही. तिने माझ्याकडे जन्मात कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. मी सही केली. ही बाई खरोखर तीच आहे, मी हिला ओळखतो, असं लिहून दिलं. मग तिने अंगठा लावला आणि बोटाची शाई पदराला पुसली. बाहेर आल्यावर दिलीप सगळ्यांना उसाचा रस पाजत होता. मला ग्लास द्यायला आला. मी तो त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतला. एवढाच तमाशा झाला.

पावसाळ्याआधी माळाला तारेचं कुंपण पडलं. आम्ही घातलेली ताल मशीनने एका सकाळी सरळ केली. घर तेवढं राहिलं, कारण ते गावठाणात होतं. दिलीपने पुढच्या दोन खोल्यांना कुलूप लावलं आणि आईला मागच्या पडवीत ठेवलं. पेणच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. शालू म्हणाली, आई तर दादाची. मग एके दिवशी मला दिलीपचा फोन आला.

"सुदाम, आईचं आता होत नाही. तू ने ना तिला. शेवटी तुझी आई आहे ती."

मी त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण गाडी काढली. वाटेत वकिलाला विचारून घेतलं. तो म्हणाला, सावत्र मुलावरही पोटगी लावता येते, प्रांतसाहेबांकडे नुसता अर्ज करायचा. गागोद्याला पोचलो तर आई गाठोडं बांधून ओट्यावर बसलेली. मला बरं वाटलं. अर्जाचं सांगितलं तर म्हणाली, "लेकरावर केस करू?" ते मी सोडून दिलं. गाडीत बसली, तेच पुष्कळ होतं. रोह्याच्या फाट्याकडे वळायला लागलो तशी म्हणाली, "पेनला सोड."

"पेनला कुनाकडं?"

"कुनाकडं म्हंजे? दिलीपकडं. आता रोह्याला गेले तर लोक म्हनतील, शेवटी गेलीच आपल्या पोराकडं."

मी गाडी पेणच्या रस्त्याला घातली. दिलीपच्या बिल्डिंगच्या फाटकात वॉचमनने अडवलं. कोण, कोणाकडे. आई खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "दिलीपसरांची आई." इतक्या ताठ आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. वॉचमनने आतल्या फोनवरून वर विचारलं आणि आम्हाला सांगितलं, "सर घरी नाहीत."

त्याची मोटारसायकल समोर उभी होती. मी वर जायला निघालो तर आईने माझी बाही धरली. "तू जा," ती म्हणाली. "तू हितं दिसलास तर त्याला वाईट वाटंल. मी बसते. येईल त्यो."

मी थांबलो. "तू जा म्हनते ना," ती पुन्हा म्हणाली. वॉचमनने तिला आपला स्टूल दिला. मी गाडी वळवली. आरशात दिसली ती अशी. गाठोडं मांडीवर, चेहरा वरच्या मजल्याकडे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे बघून थोडं हसत होती. त्यांना कळावं, की आपण कोणाची तरी आई म्हणून इथे बसलोय.

ती माझी शेवटची भेट. नंतर त्या वॉचमनला मी गाठलं. संध्याकाळपर्यंत ती बसली होती, मग विचारत विचारत स्टँडवर गेली आणि गागोद्याला परतली. पाऊस संपता संपता पडवीतच गेली. पार्वतीकाकीच्या सुनेला दुपारी कळलं. वॉचमनने आणखी एक सांगितलं. "सर वरच होते. मला म्हणाले, सांग नाहीत म्हणून."

जमिनीचं मी आता कोणाला विचारत नाही. दिलीप, ती कायद्याने तुझी आणि शालूची होती, आणि राहिलेली आईने तुम्हाला दिली, मीच ओळख पटवली. पण तिचा तिसरा हिस्सा घेताना तू तिचा मुलगा होतास. त्या दुपारी तू वरच्या मजल्यावर होतास आणि ती खाली स्टुलावर बसली होती. तू जिना का उतरला नाहीस? तू शिकलेला आहेस, मास्तर आहेस, पोरांना उत्तरं लिहायला लावतोस. याचं लिही. मला खाजगीत नको, मी समजून घेणारा माणूस नाही. गागोद्याला ये, जिच्या भीतीने ती आयुष्यभर जगली त्या पार्वतीकाकीच्या अंगणात उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.